दीड वीत, चार बोटं

सेवाग्रामचा डॉक्टर, पोरगेलासाच,
म्हणाला, आजी, आता खाली बसणं बंद.
पंचफुला हसली, एवढ्या मोठ्यानं
की रांगेतली माणसं वळून पाहू लागली.

घरी खुर्च्या तीन. तिन्ही प्लास्टिकच्या, तिन्ही पाहुण्यांच्या.
ती त्यांच्यावर कधी बसली नाही,
पापड तेवढे वाळवले.

मी लाइनमन. एकतीस वर्षं खांबावर काढली,
रंधा कधी हाती धरला नाही.
आणि नथ्थू वाढई, ज्याच्या बापानं
गावातल्या साऱ्या बंड्या जोडल्या,
तो आता वर्ध्यात पीव्हीसीची दारं बसवतो.
फोनवर म्हणाला, हत्यारं माळ्यावर आहेत, घेऊन जा,
पन पटाशी जपून वापरजा, बाबाची आहे.

माप चोरून घ्यायचं होतं.
ती दोरीवर लुगडं वाळत घालत होती,
मी मागून वाकलो. टाचेपासून गुडघ्याच्या खळीपर्यंत
दीड वीत, चार बोटं.
"कायले पाय धरता?"
"माफी मागतो."
"कोनत्या कोनत्या गोष्टीची?"

पाय बाभळीचे. धुऱ्यावरची ही बाभूळ
माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी
माझ्याच तारेवर पडली होती,
सात गावं रात्रभर अंधारात.
तोडलीही मीच, शिव्या देत देत.
दोन वर्षं कोठ्यात पडून वाळली.
बसायला केबलच्या ड्रमच्या फळ्या,
त्यांतल्या एकीवर काळा बाण:
ड्रम कुठल्या बाजूनं लोटायचा त्याचा.
तो मी खालच्या अंगाला घेतला.

बाभूळ म्हणजे रुसलेला जावई,
जेवढं मनवावं तेवढी ताठ.
पटाशी उडायची, अंगठ्याचं नख काळंनिळं.
पहिली साळ इतकी सैल झाली
की पाचर ठोकून ठोकून
खुर्चीत निम्म्या पाचरीच राहिल्या.
मी सांगितलं होतं, कूलरचं स्टँड करतोय.
ती रोज चहा आणून ठेवायची, पाहायची, जायची.
पाठीची पट्टी बसवली त्या दिवशी म्हणाली,
"कूलरले पाठ टेकायले लागते का हो?"

आमच्या स्वयंपाकघराची जमीन मोरीकडे उतरती.
खुर्ची डुलली. एक पाय तासला.
मग दुसरीकडून डुलली. तो तासला.
असं करत करत ती एका जागी पक्की बसली,
फक्त एकाच जागी, खिडकीपाशी,
तोंड चुलत्याच्या संत्र्याच्या बागेकडे.
तिळभर सरकवली की टकटक.
पंचफुलेनं चारही पायांभोवती
चुन्याचे ठिपके काढून ठेवले,
सारवताना ते तेवढे सोडायची.

पोरानं, प्रफुल्लनं, दिवाळीत फरशी बसवली.
पाणी ओतलं तर कुठं जावं ते पाण्यालाच कळत नाही
इतकी सपाट.
ठिपके गेले. खुर्ची आता कुठंही ठेवा, डुलते.
पोरगा म्हणाला, बाबा, फोनवरून मागवू, दोन दिवसांत येते.
मी करवत काढली.
ती म्हणाली, "ठेवा ते. आता कुठं
मले तिची आन् तिले माही सवय झाली."

म्हणून दुपारी अंगणात पडल्या पडल्या मला ऐकू येतं.
टक टक, सावकाश: मेथी निवडतेय.
जोरात: बहिणीशी फोनवर बोलतेय.
एकदाच, टक्क: माझ्यावर चिडलीय.
कारण आठवायला मला थोडा वेळ लागतो.

काल बराच वेळ काहीच नाही.
उठून पाहिलं.
खुर्चीवर मांजर,
आणि ही खाली, नव्या गार फरशीवर,
पाय पसरून लसूण सोलत बसलेली.
"डॉक्टरले सांगू नका."

मग उठायला म्हणून तिनं खुर्चीचा पाय धरला,
भार टाकला. पाचर किंचित करकरली.
मांजर उतरलं नाही.
मी दारातूनच मोजत राहिलो,
एक, दोन,
आणि उठली.